तळहातावरचं झाकण

आमच्या शेडमध्ये आता थंड दिवा आहे. एलईडीचा. पेढ्याच्या डब्याचं छापलेलं झाकण त्याच्याखालून जातं, शाई जागच्या जागी वाळते आणि झाकण बाहेर येतं तेव्हा फार तर कोमट लागतं. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "मॅडम, आता हीटचं टेन्शन विसरा." मी मान डोलावली, त्याला चहा पाजला आणि संध्याकाळी घरी जाऊन उगाच भांडी आपटली. नवरा म्हणाला, "नवीन मशीन आलं की लोक पेढे वाटतात. तू पातेली का आपटायलीस?" मी म्हटलं, पातेली जड झालीत.

खरं सांगायचं तर मला जुन्या दिव्याची आठवण येत होती. बारा वर्षं त्या दिव्याला मी रोज शिव्या घातल्या. तो तापट होता, मीही तापट. सासरे म्हणायचे, "शेडात एक इस्तू पुरं व्हता. सूनबाई आली आन दोन झाले." आता दिवा भंगारात गेला आणि इस्तू, म्हणजे विस्तव, एकच उरला, तर मलाच करमेना.

शेड परंड्यात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. वर पत्रा, खाली फरशी, एका भिंतीला छापायचं टेबल आणि मधोमध मशीन. आमच्या भूम-परंड्याकडं खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. खवा आला की पेढा आला, पेढा आला की डबा आला आणि डबा आला की त्याच्या झाकणावर दुकानाचं नाव आलं. ते नाव आम्ही छापायचो. जास्त काम तुळजापूरच्या दुकानांचं. झाकणांची पोती कुर्डुवाडीच्या गाडीनं यायची आणि छापून झाली की तुळजापूरच्या गाडीनं जायची.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, आमच्याकडं तसंच म्हणतात. तरुणपणी ते खव्याच्या भट्टीवर होते. मग छपाईत शिरले. जाळीची फ्रेम, त्यावर शाई आणि रबर ओढून छाप उठवायचा. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीच्या फाळक्यावरची अक्षरं, सगळं त्यांनी केलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, तो सकाळी डबा घेऊन जायचा. मला बघायला आले तेव्हा मामांनी स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. खिशातलं पेन काढून समोरच्या स्टुलावर ठेवलं आणि म्हणाले, "सरळ रेघ मारता येती का?" मी मारली. त्यांनी ती डोळा बारीक करून बघितली आणि चहाचा कप उचलला. माझ्या आईनं ओळखलं, की जमलं.

तेव्हापासून शेडमध्ये आम्ही दोघंच. पण सून आणि सासरा म्हटलं की आमच्या घरांमध्ये एक अंतर असतं. सासऱ्याच्या हातात हातानं काही द्यायचं नाही. चहा स्टुलावर ठेवायचा, मग ते उचलणार. भाकरी वरून ताटात. किल्ली खुंटीला. हा नियम मला कुणी शिकवला नव्हता, मी तो माहेरातून घेऊनच आले होते. मशीन आलं तेव्हा मला वाटलं, हे सासऱ्या-सुनेसाठीच बनवलंय. मधे सहा फुटांचा फिरता पट्टा. अलीकडं मी उभी राहून छापलेलं झाकण पट्ट्यावर ठेवणार, मधे दिव्याची पेटी, पलीकडं मामा ते उचलणार. मी ठेवायचं, त्यांनी उचलायचं. स्टुलावरच्या चहासारखंच.

तो दिवा म्हणजे काचेची लांब नळी, आत पारा. पेटवला की तापून पुऱ्या जोरात यायला पाच मिनिटं घ्यायचा, आणि मधेच वीज गेली तर थंड होईपर्यंत पुन्हा पेटायचा नाही. मग आम्ही रुसलेल्या जावयाजवळ बसावं तसे त्याच्याजवळ बसून राहायचो. शाई वाळायला हवा असतो तो त्याचा उजेड, डोळ्याला न दिसणारा. पण उजेडाबरोबर त्याची धग यायची, आणि आमची झाकणं पातळ प्लॅस्टिकची. धग जास्त झाली की झाकणाचा एखादा कोपरा उचलायचा, आणि एकदा उचललेला कोपरा जन्मात खाली बसायचा नाही. असं झाकण डब्यावर बसत नाही, आणि न बसणाऱ्या झाकणावर नाव कितीही सुंदर छापलं तरी पेढ्याला मुंग्या लागतात.

पहिल्या दिवशीची सगळी झाकणं मी कुरडया तळल्यासारखी काढली. मग शहाणपणा केला. दिव्याचा जोर अर्ध्यावर आणला आणि पट्टा हळू केला. शाळेत शिकलेली बाई मी, मला वाटलं, आच कमी केली की जळणार नाही. झालं उलटंच. शाई बोटाला चिकटायची आणि झाकणं तरीही वाकायची. मी रबर टेबलावर आदळलं आणि मशीन विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मामांनी माझं संपू दिलं. मग म्हणाले, "सूनबाई, भट्टीवर कधी उभी राहिलीस का? मंद आचंवर खवा व्हत न्हाय. लाल पडतो. जाळ मोठाच ठिवायचा, पर हात थांबवायचा न्हाय."

"इथं हात कुठं आहे मामा? पट्टा आहे."

"मग पट्टा पळव."

दिवा पूर्ण जोरावर केला आणि पट्टा पळवला. झाकण दिव्याखालून सुळकन् गेलं. शाई थोडी कच्ची राहिली. मामांनी ते झाकण रिकाम्या रॅकवर ठेवून गार होऊ दिलं आणि पुन्हा एकदा पळवलं. दुसऱ्या खेपेला शाई पक्की झाली आणि झाकण सपाट. मी नखानं खरवडून बघितलं, निघेना. मी त्यांच्याकडं बघून हसले, तर ते म्हणाले, "हसाया काय झालं? दोनदा पळवायचं म्हंजी दुप्पट काम."

त्यानंतर त्यांनी स्वतःची रीतच बसवली. दिव्यामागचा चकचकीत पत्रा दर सोमवारी स्पिरिटनं पुसायचा, कारण तो काळा पडला की उजेड कमी पडतो आणि धग तेवढीच राहते. पट्ट्याखालचा पंखा गरम हवा खाली ओढायचा, त्याची जाळी रोज साफ. गरम झाकणं एकावर एक रचायची नाहीत. "ढिगाच्या पोटात ऊब धरती," ते म्हणायचे, "वरनं गार लागतं आन आत वाकतं." दुपारी पत्रा तापला की वर ओली पोती टाकायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांचा डावा तळहात.

दर वीस-पंचवीस झाकणांमागं ते एक झाकण पट्ट्यावरून उचलून डाव्या तळहातावर आडवं ठेवायचे आणि ओठातल्या ओठात मोजायचे. चारपर्यंत हातावर ठेवता आलं तर ठीक. "चालव." दोनला किंवा तीनला हात झटकला तर "थांब." मग मी पट्ट्याचा वेग वाढवायची किंवा दिव्याला जरा दम खाऊ द्यायची. भट्टीवर खवा उतरवायची वेळ ते अशीच ओळखायचे म्हणे. कढईच्या कडेचा खवा बोटानं घ्यायचा आणि तळहातावर चोळायचा. एवढी वर्षं त्या हातानं आम्हाला फसवलं नाही. तुळजापूरचे दुकानदार फोनवर सांगायचे, झाकण परंड्याचंच पाठवा. मला गंमत वाटायची. एवढं मोठं मशीन, बटणं, तारा, आणि त्याचं सगळं काम एका म्हाताऱ्याच्या तळहातावर चालायचं.

मग ते वर्ष आलं. नवरात्राआधीचे दिवस. आमच्या कामाचा सगळ्यात मोठा हंगाम, आणि उकाडा असा की माठातलं पाणीही कोमट. तुळजापूरच्या एका पेढेवाल्याचा फोन आला, "ताई, झाकणं बसंनात. हिकडं दाबलं की तिकडं उठतंय." मी म्हटलं, गाडीत उन्हात राहिली असतील. दुसऱ्या दुकानदाराचा फोन आला. मग तिसऱ्याचा. मी झाकणवाल्याला फोन करून भांडले, की माल पातळ पाठवला. विजेवर गेले, की व्होल्टेज वर-खाली होतंय. नवी नळी बसवली. मागचा पत्रा एवढा घासला की त्यात माझं चिडलेलं तोंड दिसायला लागलं. तरी झाकणं वाकायचीच.

मामांना विचारायची. ते झाकण तळहातावर ठेवायचे, शांतपणे चारपर्यंत मोजायचे, कधी सहापर्यंत, आणि म्हणायचे, "गार हाय. चालव."

शेवटी मी गन आणली. आधी घरातलीच, कोरोनाच्या वेळी कपाळावर धरायची ती. झाकणावर धरली तर तिनं नुसतं "हाय" लिहिलं, माणसाच्या तापापलीकडचं तिला वाचताच येईना. मामा म्हणाले, "झाकणाला कोरोना झालाय का?" मी चिडले. नवऱ्याकरवी सोलापूरहून कारखान्यात वापरतात तसली गन मागवली. लांबून धरली की आकडा दाखवते. मामांना ती आवडली नाही. मी गन हातात घेतली की ते तोंड फिरवायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा मान दुखावला. मी म्हटलं, दुखावू दे, झाकणं वाचली पाहिजेत.

एका दुपारी मी गन घेऊन पट्ट्याच्या त्यांच्या टोकाला गेले. एरवी मी तिकडं जात नसे. मामांच्या तळहातावर झाकण होतं आणि ते मोजत होते. तीन. चार. मी गन धरली. आकडा पासष्टच्या वर. मला वाटलं, गन बिघडली. मग झाकणाकडं बघितलं. ते त्यांच्या तळहातावर हळूहळू बसत होतं. कडा बोटांवरून खाली उतरत होत्या आणि मधला भाग तळव्याच्या खोलगट जागेत जात होता. आणि मामा शांतपणे म्हणाले, "पाच. गार हाय. चालव."

मी ते झाकण ओढून काढलं. माझ्या बोटांना चर्र चटका बसला. त्यांच्या तळहातावर पांढरे फोड होते. ताजे, आणि शेजारी जुने, वाळलेले.

"मामा, हे काय?"

त्यांनी हात मागं घेतला. "काय न्हाय. जरा लागलंय."

"तुम्हाला कळलं नाही?"

पट्टा रिकामाच फिरत होता. मी जाऊन बटण दाबलं, आणि मग त्या शांततेत त्यांना बोलावंच लागलं. साखरेच्या आजारानं उन्हाळ्यापासून हातापायांचं भान जात होतं. आधी पाय. एकदा स्टँडवरून येताना चप्पल कधी निसटली ते कळलंच नाही, एका पायानं अनवाणी घरी आले. मग हात. झाकण हातावर ठेवायचे, काही लागायचं नाही, म्हणून अंदाजानं मोजायचे.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून काय केलं असतंस? घरी बसवलं असतंस."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण महिनाभर झाकणवाल्याशी, वीजवाल्याशी आणि पेढेवाल्यांशी भांडून माझं डोकं फिरलेलं होतं. त्या भांडणांमध्ये मी दर वेळी छातीठोकपणे म्हटलं होतं, आमचे मामा स्वतः बघतात, आमच्याकडून चूक होणार नाही. मी म्हणाले, "मग बसाच घरी."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते गेले.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बरोबरच केलंस, त्यांचं वय झालं, हात भाजून घ्यायला लागले. आम्ही त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज संध्याकाळी तळपाय बघायला सांगितले, काटा रुतलेलाही कळायचा नाही म्हणाले. सगळं रीतसर झालं. पण मामा घरात असून नसल्यासारखे झाले. मामा सकाळी उठून स्टँडवर जायचे आणि बाकावर बसून कुर्डुवाडीच्या गाड्या बघायचे. दुपारी येऊन जेवायचे, पुन्हा जायचे. माझ्याशी अबोला नव्हता. विचारलं तर बोलायचे. एकदा मी चहा ठेवला आणि कामात विसरले. बऱ्याच वेळानं बघितलं तर ते साय आलेल्या गार चहावर फुंकर मारत होते. कप गरम आहे की गार ते त्यांच्या हाताला कळत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय याचा राग येत होता. त्या माणसाला शेडमध्ये उभं राहायला मिळावं एवढंच हवं होतं. तेवढ्यासाठी त्यांनी हात भाजून घेतले होते. आणि ते मी एका वाक्यात काढून घेतलं होतं.

शेडमध्ये मी एकटी. अलीकडं झाकण ठेवायचं आणि पलीकडं धावायचं. माझी अर्धी वारी त्या सहा फुटांत व्हायची. पण गन होती. आकडा पन्नासच्या आत असला की मी निर्धास्त. नवरात्राच्या मोठ्या ऑर्डरीचं काम होतं, झाकणावर मंदिराचं सोनेरी शिखर. देवीचं चित्र मामा छापू द्यायचे नाहीत, झाकण शेवटी उकिरड्यावर जातं म्हणून. शिखरावरून गन फिरवली की आकडा कसा छान खाली. मी खूश. दोन दिवसांचं काम करून रॅक भरले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर निम्मी झाकणं वाकलेली.

गन विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, चकचकीत सोनेरी रंगावर गन कमीच दाखवते. तुम्ही विचारलं नाही." मी फोन ठेवला. खुर्चीवर बसले. मामांची चूक मी एका वाक्यात निकालात काढली होती. आता माझी चूक रॅकभर उभी होती आणि मला घरी बसवणारं कुणी नव्हतं.

मी शेडला कुलूप लावून स्टँडवर गेले. मामा बाकावर होते. लोकांसमोर सासऱ्याशी किती बोलायचं, याचंही एक माप असतं. मी थोडी लांबच उभी राहिले.

"मामा, सोनेरी शाई गनला कळत नाही."

त्यांनी समोरची गाडी वळेपर्यंत वाट बघितली. "तिला कशाला दोष देती? तिला डोळं हायेत, हात न्हाईत."

"झाकणं वाकली."

"किती?"

"निम्मी."

ते हसले नाहीत. मला त्यांनी हसावं असं वाटत होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं. ते म्हणाले, "मग म्या येऊन काय करू? माझ्या हातापरीस ती गन बरी."

मला माफी मागता येत नाही. आजही येत नाही, नवऱ्याला विचारा. मी म्हटलं, "हात माझा वापरू. पण मोजायचं कसं, कधी थांबायचं, ते मला कळत नाही. तुम्ही आलात तर काम होईल, नाही तर ऑर्डर परत करते." ते बाकावरून उठले आणि आधी खाली वाकून दोन्ही चपला पायात आहेत का ते बघितलं.

त्या दिवशी आम्ही जागा बदलल्या. मामा अलीकडं उभे राहिले, छापायचं आणि पट्ट्यावर ठेवायचं काम त्यांचं. मी पलीकडं, उचलायला. पहिलं झाकण आलं. मी ते डाव्या तळहातावर ठेवलं आणि मनात मोजायला लागले. दोनलाच भाजायला लागलं. पण नऊ वर्षं त्यांना चारपर्यंत मोजताना बघितलेलं, मी दात दाबून धरलं.

"थांब," मामा पलीकडून म्हणाले आणि त्यांनी पट्ट्याचं बटण बंद केलं.

"मी काही बोललेच नाही!"

"तोंड बघितलं की तुझं. तुझ्या तोंडावर काय बी लपत न्हाय. राग बी न्हाय, चटका बी न्हाय."

त्यांनी पट्टा थोडा पळवला. पुढचं झाकण. मी हातावर ठेवलं, ते माझ्याकडं बघत राहिले. "अजून. अजून जरा पळवतो." तिसरं झाकण. चारपर्यंत पोचले. "चालव," ते स्वतःलाच म्हणाले. त्या दिवसापासून दर वीस-पंचवीस झाकणांमागं मी एक हातावर घ्यायची आणि मामा पट्ट्याच्या पलीकडून माझं तोंड वाचायचे. चटका लागलेला असताना मी कधी खोटं शांत तोंड करून बघितलं, तर म्हणायचे, "नाटकं करू नगं." गन कपाटात गेली.

त्या वर्षीची झाकणं तुळजापूरला वेळेत पोचली आणि डब्यांवर नीट बसली. मामांनी पुढं दोन वर्षं त्या जागेवर उभं राहून काम केलं. सकाळी माझ्याआधी शेडचं कुलूप काढायचे, अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत. त्यांना जाऊन आता वर्ष झालं. शेवटच्या दिवसांतलं दवाखान्याचं मला फारसं आठवत नाही, आठवायचंही नाही. आठवते ती जागा बदललेल्या दिवसाची दुपार.

जेवणानंतर काम लागलं होतं. पट्ट्याखालचा पंखा बंद पडलेला आम्हा दोघांना कळला नाही, दिव्याच्या घरघरीत कळतच नसे. एक झाकण आलं आणि मी सवयीनं हातावर घेतलं. ते इतकं गरम होतं की सुटेचना, तळव्याला धरून बसलं. माझ्या तोंडून आवाजही निघाला नाही. मामांनी दिवा बंद केला आणि ते पट्ट्याला वळसा घालून आले. झाकण माझ्या हातावरून काढून टाकलं, माझं मनगट धरलं आणि मला ओढत कोपऱ्यातल्या रांजणापाशी नेलं. तोटी सोडली. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरून पाण्याखाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांचा हात माझ्या हाताला लागायची ती पहिलीच वेळ. खरखरीत, बोटांच्या टोकांना शाई मुरलेली, आणि तळव्यावर फोडांच्या खपल्या. मला संकोच वाटायला हवा होता. वाटला नाही. नुसतं रडू येत होतं, आणि ते चटक्याचं आहे असं त्यांना वाटावं म्हणून मी "आई गं, आई गं" करत होते.

पाणी बराच वेळ वाहत होतं. मामा वाकून आमच्या हातांकडं बघत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "लई घट्ट तर धरलं न्हाय ना ग? मला कळत न्हाय."

"नाही मामा," मी म्हटलं. "असाच धरा."